पनीरचं बिल फेकू नका: नाशिकमध्ये दूध, खवा, पनीर, तुपाची तक्रार कशी करावी

इंदिरानगरमध्ये माझा डब्यांचा व्यवसाय आहे. अंबड आणि सातपूरच्या कंपन्यांत रोज चाळीसएक डबे जातात आणि बुधवारी पनीर ठरलेलं. दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी पनीरचे तुकडे तव्यावर टाकले, तर त्यांना रंग येईचना. आधी कडेने पातळ तेल सुटलं, तुकडे चकाकायला लागले, आणि एक उचलून तोंडात टाकला तर दाताखाली रबर. वेळ झाली होती, डबे थांबवता येत नव्हते, तसेच भरले. दुपारी एका पोराचा फोन आला, "काकू, आज पनीर चावलंच जात नव्हतं हो." काय उत्तर द्यावं ते मला सुचेना.

संध्याकाळी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, आपल्याकडचा माल असा नसतोच. बिल आहे का?" बिल मी कधी मागितलंच नव्हतं. उरलेलं पनीर रागाच्या भरात सकाळीच घंटागाडीत टाकलं होतं, पिशवीसकट. माल नाही, पिशवी नाही, कागद नाही. तक्रार करणार कशाची?

त्यानंतर मी हा विषय समजून घ्यायला लागले. कार्यालयात चकरा मारल्या, अर्ज केले, एकदा नमुना घेताना पंच म्हणूनही उभी राहिले. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने सांगते. घरासाठी दूध-तूप घेणाऱ्या प्रत्येकाला हे उपयोगी पडेल. नव्याने डबे, मेस, केटरिंग किंवा घरगुती मिठाई सुरू करणाऱ्यांनी तर वाचावंच, कारण आपण एकाच वेळी ग्राहकही असतो आणि विक्रेतेही.

आधी हे समजून घ्या: कायदा नेमकं काय बघतो

पूर्वी अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा होता, १९५४ चा. त्याच्या जागी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ आला आणि तो ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. मानकं ठरवते केंद्राची एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण. प्रत्यक्ष तपासणी, नमुने आणि कारवाई आपल्याकडे राज्याचं अन्न व औषध प्रशासन करतं, म्हणजे सगळे ज्याला एफडीए म्हणतात ते. नाशिकला त्यांचं विभागीय कार्यालय आहे. जुनी माणसं अजून 'फूड इन्स्पेक्टर' म्हणतात, कायद्यात त्यांचं नाव अन्न सुरक्षा अधिकारी. त्यांच्या वर सहायक आयुक्त (अन्न). तुमची तक्रार पुढे सरकते ती या दोघांच्या टेबलावरून.

कायदा सदोष मालाचे मुख्य तीन प्रकार करतो आणि तक्रार लिहिताना हा फरक डोक्यात असलेला बरा.

पहिला, कमी दर्जाचा. माल खाऊन कुणाला काही होणार नाही, पण ठरलेल्या मानकात तो बसत नाही. उदाहरणार्थ, टोन्ड दुधात किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ हवं, फुल क्रीममध्ये ६ आणि ९, गायीच्या दुधात ३.२ आणि ८.३. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग. पाणी घातलं की हे आकडे खाली येतात. कमी दर्जाच्या मालाला दंड ५ लाखांपर्यंत.

दुसरा, मिथ्याछाप. म्हणजे लेबल खोटं बोलतं किंवा जे सांगायला हवं ते सांगत नाही. दंड ३ लाखांपर्यंत.

तिसरा, असुरक्षित. युरिया, डिटर्जंट, कॉस्टिक सोडा असलं काही सापडलं तर प्रकरण दंडावर थांबत नाही, फौजदारी खटला होतो. कुणाचा जीव गेला तर किमान ७ वर्षांची कैद, जी जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, आणि किमान १० लाखांचा दंड.

आता पनीर. कायद्याप्रमाणे पनीर दुधाचंच हवं. त्यात ओलावा ६० टक्क्यांच्या वर नको आणि कोरड्या वजनावर किमान ५० टक्के फॅट हवं, तेही दुधाचं. बाजारात स्वस्त मिळतं त्यात बऱ्याचदा दुधाची फॅट काढून पामतेल घातलेलं असतं. अशा पदार्थाला अ‍ॅनालॉग म्हणतात. मला सगळ्यात उशिरा कळलेली आणि सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की अ‍ॅनालॉग बनवणं आणि विकणं हा गुन्हा नाही. ते 'पनीर' म्हणून विकणं हा गुन्हा आहे. वनस्पती तेलाचा पदार्थ दुधाच्या नावाने विकता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून "पनीर खराब होतं" अशी तक्रार लंगडी पडते. "पनीर म्हणून मागितलं, पनीर म्हणून बिल दिलं, आणि ते दुधाचं नसावं असा संशय आहे" ही तक्रार उभी राहते.

आईस्क्रीमचंही तेच. आईस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाची फॅट लागते. वनस्पती तेलाचं असेल तर डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहावं लागतं. गंगापूर रोडला नातवंडांना घेऊन फिरायला गेलात की एकदा डब्यावरचं नाव वाचून बघा.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण मोबाइलवर भलतेच व्हिडिओ फिरतात. २०१८ मध्ये एफएसएसएआयने देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यात विषारी ठरावी अशी भेसळ सापडली ती १२ नमुन्यांत. पण फॅट-एसएनएफ कमी असलेले नमुने पुष्कळ निघाले, आणि ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम१ नावाचं बुरशीचं विष मर्यादेपेक्षा जास्त होतं, जे बुरशी लागलेल्या चाऱ्यातून आणि पेंडीतून दुधात उतरतं. म्हणजे प्रत्येक पिशवीत युरिया आहे असं समजून घाबरायचं कारण नाही. आपली रोजची फसवणूक होते ती पाण्याची, पामतेलाची आणि नावाची. तिच्याविरुद्ध कायदा चांगला चालतो, फक्त पुरावा हवा.

पायरी १: पिशवी कात्री लावायच्या आधी वाचा

लेबलवर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यानंतरचे दोन वर्षाचे. त्यामुळे आपल्याकडच्या डेअरीचा क्रमांक साधारण ११५ किंवा २१५ ने सुरू होतो, आणि केंद्राचा परवाना असेल तर १०० ने. हा क्रमांक फॉस्कॉस या एफएसएसएआयच्या परवाना पोर्टलवर किंवा फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपमध्ये टाकला की दुकानाचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की संपला, हे दिसतं. मी एकदा पाव किलो पेढ्यांच्या खोक्यावरचा क्रमांक टाकला तर भलत्याच गावातल्या फरसाणवाल्याचं नाव आलं. छापणाऱ्याने कुठूनतरी उचलून लावला होता.

क्रमांकासोबत बघायचं ते पदार्थाचं नाव. 'पनीर' असं स्वच्छ लिहिलंय की 'पनीर'सारखं वाटेल असं काही मोठ्या अक्षरात आणि खरं नाव खाली बारीक अक्षरात? मग घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, जे जास्त ते आधी. पनीरच्या यादीत 'खाद्य वनस्पती तेल' दिसलं की ते पनीर नाही, विषय संपला. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि निव्वळ वजन, यातलं काही नसेल तर तेवढ्यावरही तक्रार होते. वजन कमी भरलं तर मात्र एफडीएकडे जाऊ नका, ते काम वैधमापन शास्त्र विभागाचं.

दुधाच्या पिशवीत एक अडचण असते. आपण कोपरा कापतो, दूध पातेल्यात ओततो आणि पिशवी फेकतो. तारीख आणि बॅच बऱ्याचदा कडेलाच छापलेले असतात, नेमके कापलेल्या तुकड्यावर. दूध घेतलं की आधी मोबाइलने एक फोटो काढा, मग कापा. आता मी हे सवयीने करते, अर्धा मिनिट लागत नाही.

सुट्या मिठाईला लेबल नसतं, पण १ ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक ट्रेसमोर 'अमुक तारखेपर्यंत खाण्यास योग्य' अशी पाटी लावणं बंधनकारक आहे. रविवार कारंजापासून नाशिकरोडपर्यंत मी हल्ली आधी ही पाटी शोधते. नसेल तर विचारते. विचारणारं गिऱ्हाईक आलं की दुसऱ्या दिवशी पाटी लागलेली दिसते, हा माझा अनुभव आहे.

पायरी २: बिल घ्या, आणि बिलावर पदार्थाचं नाव लिहून घ्या

बहुतेक जण इथेच गडबड करतात, मीही केली होती. म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

१ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थाच्या बिलावर एफएसएसएआय क्रमांक छापणं सक्तीचं आहे. मागितलं तर दुकानदाराला बिल द्यावंच लागतं. "कच्चं चालेल का?" असं विचारतात, त्याला नाही म्हणा. बिलावर 'डेअरी आयटम' किंवा 'किराणा' नको. 'पनीर ५ किलो', 'म्हशीचं तूप १ किलो', 'खवा २ किलो' असं लिहून घ्या, तारखेसकट. पुढे सगळा प्रश्न असतो की विकणाऱ्याने काय म्हणून विकलं, आणि त्याचं उत्तर त्या एका ओळीत असतं.

तुम्ही माझ्यासारखे व्यवसायासाठी घेत असाल तर हा कागद तुम्हाला वाचवतो. कायद्याच्या कलम २६ मध्ये सांगितलंय की व्यापाऱ्याने दुसऱ्या विक्रेत्याला माल देताना त्याच्या प्रकाराची आणि दर्जाची लेखी हमी द्यायची. आणि वेगळं हमीपत्र नसेल तर बिल हीच हमी धरली जाते. उद्या तुमच्या डब्यातल्या भाजीचा नमुना घेतला आणि पनीर नकली निघालं, तर नोटीस आधी तुमच्या नावाने येते. तेव्हा "मी हे पनीर म्हणून अमक्याकडून अमक्या तारखेला घेतलं, हे बिल" असं दाखवता आलं की बोट पुढच्याकडे जातं. बिल नसेल तर पामतेल तुम्हीच घातलं असं कुणी म्हटलं तरी तुमच्याकडे उत्तर नसतं. परवाना किंवा नोंदणी नसताना विकत असाल तर आधी ती करून घ्या, फॉस्कॉसवर घरबसल्या होते. स्वतः बिननोंदणीचं चालवून दुसऱ्याची तक्रार करायला गेलं की आपलाच पाय अडकतो.

सकाळी दारात येणाऱ्या गवळ्याकडून कोण बिल घेणार, हे मला कळतं. सिन्नर, निफाडकडून दूध आणणारे भाऊ वर्षानुवर्षं येतात, त्यांच्याशी घरोबा असतो. तिथे निदान महिन्याच्या हिशोबाच्या वहीवर सही घ्या आणि नोंदणी क्रमांक लिहून ठेवा. चांगला गवळी त्याने दुखावत नाही.

पायरी ३: घरची चाचणी करा, पण ती कशासाठी हे लक्षात ठेवा

घरी करता येतील अशा काही साध्या चाचण्या आहेत. गुळगुळीत, तिरप्या ताटावर दुधाचा थेंब सोडा. चांगलं दूध सावकाश ओघळतं आणि मागे पांढरी रेघ ठेवतं, पाणी घातलेलं झरकन खाली जातं. बाटलीत दूध आणि तेवढंच पाणी घेऊन जोरात हलवा, दाट फेस होऊन टिकला तर डिटर्जंटचा संशय घ्या. युरियासाठी चमचाभर दुधात अर्धा चमचा तूरडाळीची किंवा सोयाबीनची पूड घालून हलवा, पाच मिनिटं थांबा आणि लाल लिटमस कागद बुडवा, अर्ध्या मिनिटात निळा झाला तर युरिया असू शकतो.

खव्याला गणपती-दिवाळीत ही चाचणी करावीच. थोडा खवा पाण्यात उकळा, पूर्ण गार करा, मग टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. निळं-काळं झालं तर पिठूळ माल आहे. खव्यात स्टार्च अजिबात चालत नाही, साखरही नाही, आणि कोरड्या वजनावर किमान ३० टक्के दुधाची फॅट हवी. गरम असताना आयोडीन टाकलं तर रंग दिसत नाही, गार होऊ द्या. पहिल्यांदा मी ही चूक करून बसले आणि पिठाचा खवा चांगला समजून गुलाबजामला वापरला.

पामतेलाचं पनीर मात्र आयोडीनने सापडत नाही, कारण त्यात स्टार्च असेलच असं नाही. तव्यावर तेल सुटणं, रबरासारखं लागणं, कुस्करल्यावर दाणेदार न होणं, या खुणा आहेत, पुरावा नव्हेत. तेलाचा छडा प्रयोगशाळेतच लागतो, फॅट वेगळी काढून. तुपाचंही तसंच. घरी वास आणि दाणा बघून जुनी माणसं सांगतात, पण कागदावर ते टिकत नाही.

म्हणजे घरची चाचणी आपल्याला एवढंच सांगते की तक्रार करायची का. तिचा व्हिडिओ ग्रुपवर टाकून दुकानाचं नाव घेऊ नका. चाचणी चुकली तर बदनामीचं प्रकरण तुमच्यावर उलटेल, आणि बरोबर असली तरी दुकानदाराला माल हलवायला रात्र मिळेल.

पायरी ४: लगेच तक्रार करा

महाराष्ट्र एफडीएचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. एफएसएसएआयचा १८००-११-२१००, आणि फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपमधूनही फोटोसह तक्रार जाते. मी दोन्ही करते, फोन करते आणि लेखी अर्ज कार्यालयात देऊन पोच घेते. पोच म्हणजे दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख. ती नसेल तर पुढे पाठपुरावा कशाच्या जोरावर करणार?

अर्जात काय लिहावं? काय म्हणून मागितलं, कुठे, किती वाजता, किती किलो, बिल क्रमांक, बॅच आणि तारीख, संशय कशावरून आला, आणि तो माल दुकानात अजून विक्रीला आहे का. शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. कारण तुम्ही घरून आणलेल्या उघड्या पाकिटावर सहसा खटला उभा राहत नाही. ते वाटेत कुणी बदललं नाही हे कसं सिद्ध करणार? अधिकारी दुकानात जाऊन स्वतः नमुना घेतात. म्हणून त्याच बॅचचा माल शिल्लक असेपर्यंत तक्रार पोहोचायला हवी. दूध-पनीरच्या बाबतीत याचा अर्थ त्याच दिवशी. तरीही तुमचा उरलेला माल फेकू नका, पिशवीसकट फ्रिजमध्ये ठेवा, वर तारखेची चिठ्ठी चिकटवा.

आणि अर्जात राग नको. "हे लोक विष खाऊ घालतात" या वाक्याने काही होत नाही, "बिल क्रमांक अमुक, पनीर ५ किलो" याने होतं.

पायरी ५: नमुना कसा घेतात ते बघा

मी पंच म्हणून उभी राहिले ती जुन्या नाशकातल्या एका डेअरीत. दूध होतं चाळीस लिटरच्या कॅनमध्ये. अधिकाऱ्यांनी आधी ओळखपत्र दाखवलं आणि मालकाला फॉर्म ५ ए ची लेखी नोटीस दिली, की हा नमुना विश्लेषणासाठी घेत आहोत. मग डावाने कॅन तळापासून ढवळायला लावला, कारण साय वर येते आणि वरवरचं दूध घेतलं तर फॅट जास्त दिसते, तळाचं घेतलं तर कमी. ढवळून झाल्यावर चार कोरड्या, स्वच्छ बाटल्या भरल्या. प्रत्येकीत फॉर्मलिनचे मोजून थेंब टाकले, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत दूध फाटेल. झाकण घट्ट, वर जाड कागद, सुतळी, सुतळीच्या गाठींवर लाख. मालकाची सही अशी घेतली की अर्धी चिठ्ठीवर आणि अर्धी कागदावर पडली. पाकीट कुणी उघडलं तर सही तुटणार. हे सगळं होईपर्यंत मालक गप्प उभा होता. शेवटी अधिकाऱ्यांनी दुधाचे पैसे दिले आणि पावती घेतली. नमुना फुकट घेत नाहीत, विकत घेतात, हे मला माहीतच नव्हतं.

चार भागांपैकी एक अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना तपासून अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जातो. दोन भाग सहायक आयुक्तांकडे राखीव राहतात. चौथा भाग, व्यापाऱ्याने मागणी केली तर, त्याच्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतात. दोन अहवाल जुळले नाहीत तर राखीव भाग रेफरल प्रयोगशाळेत जातो आणि तिथला निकाल अंतिम. ही पद्धत व्यापाऱ्यालाही न्याय देते, म्हणून मला ती आवडते. यातली एखादी पायरी चुकली, सही राहिली, ढवळायचं राहिलं, तर पुढे वकील तेच धरतो आणि खरी भेसळ असूनही प्रकरण सुटतं.

इथे एक प्रश्न विचारून घ्या. घेतलेला नमुना कायदेशीर आहे की सर्वेक्षणाचा? सणाच्या आधी मोहिमेत बरेच नमुने सर्वेक्षणाचे असतात, अंदाज घेण्यासाठी. त्यावर खटला होत नाही, खराब निघाला तर पुन्हा जाऊन कायदेशीर नमुना घ्यावा लागतो. फिरत्या प्रयोगशाळेची गाडी येऊन जागेवर सांगते, तेही प्राथमिकच.

पायरी ६: एफडीएची वाट न बघता स्वतः नमुना द्यायचा असेल तर

कायद्याच्या कलम ४० ने हा हक्क प्रत्येक ग्राहकाला दिलाय आणि तो फार कमी लोक वापरतात. तुम्ही विकत घेतलेला माल ठरलेली फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. घरी नेऊन आठवड्याने सुचलं तर हा मार्ग बंद. अहवालात दोष निघाला तर फी परत मिळते. मी ज्या दिवशी हे दुकानात बोलून दाखवलं त्या दिवशी दुकानदाराने "थांबा ताई, आतला ताजा माल देतो" म्हणत दुसरं पाकीट काढलं. तेव्हा मी पहिलंच मागितलं.

खासगी प्रयोगशाळेतही तपासून घेता येतं. स्वतःच्या समाधानाला आणि पुरवठादार बदलायला ते पुरेसं आहे, एफडीएच्या खटल्याला नाही.

पायरी ७: अहवालानंतर

विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. व्यापाऱ्याला त्याविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येतं. कमी दर्जा आणि मिथ्याछाप ही प्रकरणं न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जातात आणि दंड तिथे ठरतो. दंड ठरवताना किती फायदा उकळला, किती नुकसान झालं, पुन्हा पुन्हा केलंय का, जाणूनबुजून केलंय का, हे बघतात. असुरक्षित निघालं तर न्यायालय. साधारणपणे गुन्हा घडल्यापासून एका वर्षाच्या आत प्रकरण दाखल व्हावं लागतं, त्यामुळे फाइल कपाटात पडून राहू देऊ नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, हा दंड सरकारजमा होतो. तुमचे पैसे परत हवे असतील, भरपाई हवी असेल, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हा वेगळा रस्ता आहे. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून बघा, कधीकधी तिथेच दुकानदार पैसे परत करतो. अन्नामुळे कुणी आजारी पडलं असेल तर डॉक्टरची चिठ्ठी, तपासण्यांची बिलं आणि त्या दिवशी काय खाल्लं याची नोंद त्याच दिवशी करून ठेवा.

राज्य सरकारने २०२३ मध्ये दूध भेसळ रोखायला जिल्हास्तरीय समित्याही नेमल्या, अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली. पोलीस, एफडीए, वैधमापन, दुग्धविकास सगळे एका टेबलावर. एकट्यादुकट्या पाकिटासाठी नाही, पण गावात रात्री पावडर आणि तेलाचे डबे उतरत असतील, संकलन केंद्रावर काही चालत असेल, तर तिथे कळवा.

पायरी ८: उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी खव्याची तक्रार केली. यावेळी बिल होतं, फोटो होते, पोच होती. चौथ्या दिवशी नमुना घेतल्याचं फोनवर कळलं आणि त्यानंतर शांतता. दोन महिने थांबले. मग माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, उत्तराची मुदत ३० दिवस. "कारवाई का केली नाही" असं विचारू नका, 'का' ला उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही. कागद मागा.

मी चार गोष्टी मागितल्या. माझ्या अमुक तारखेच्या तक्रारीवर घेतलेल्या नमुन्याचा सांकेतिक क्रमांक आणि तारीख. तो कायदेशीर होता की सर्वेक्षणाचा. अन्न विश्लेषकाच्या अहवालाची प्रत. त्यावर आजपर्यंत झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती. सव्विसाव्या दिवशी पोस्टाने पाकीट आलं. आत अहवालाची झेरॉक्स होती: स्टार्च आढळले, नमुना कमी दर्जाचा. सोबत न्यायनिर्णयासाठी प्रकरण दाखल केल्याचं पत्र होतं आणि त्यावर दाखल केल्याची तारीख, माझा अर्ज पोहोचल्यानंतर नऊ दिवसांची.